मोडायला केलेलं गार्ड

चहा संपला की पौर्णिमा कागदी कप टेबलावर उभा ठेवते आणि वरून तळव्यानं हळूहळू दाबते. कप कुठून चुरगळला ते पाहते. मगच कचऱ्यात टाकते.

दिसेल त्या नळीवर टिचकी मारते. सायकलच्या दांड्यावर, मांडवाच्या खांबावर, दवाखान्यातल्या खाटेच्या पायावर.

एसटीत ड्रायव्हरच्या मागचं बाकडं रिकामं असलं तरी तिथं बसत नाही. का, ते विचारलं तर सांगते. मग आपल्यालाही तिथं बसवत नाही.

रस्त्यात आपटलेली गाडी दिसली की आधी माणसांची चौकशी करते. माणसं ठीक असली की गाडीच्या नाकासमोर उकिडवी बसते. तिथून तिला हाताला धरून उठवावं लागतं.

पंगतीत पापड आला की खायच्या आधी कड मोडून पाहते.

‘छान मोडलं’ हे तिच्या तोंडचं सगळ्यात मोठं कौतुक. माझ्या कवितेला तिनं ते कधी दिलं नाही.

आमची घरं किन्हीराजाला एकाच गल्लीत. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे ती इंजिनिअरिंगला गेली आणि मी मराठी साहित्य घेऊन एम.ए. झाले. ती नळ्या मोडते. मी काय करते असं कुणी विचारलं तर माझी आई ‘परीक्षेचा अभ्यास’ असं सांगते. कोणती परीक्षा ते सांगत नाही, कारण मी तिलाही ते सांगितलेलं नाही.

पौर्णिमाचे वडील जानराव काका ऑटो चालवतात. किन्हीराजा ते मालेगाव आणि परत. ऑटोच्या काचेवर निळ्या अक्षरात जय भीम, आणि काचेखाली पूर्वी एक लोखंडी गार्ड होतं. मनगटाएवढ्या जाड पाइपाचं. काकांनी ते मालेगावात समोर उभं राहून करून घेतलं होतं. वेल्डिंगवाल्याला ते सारखे ‘अजून एक टाका मार’ म्हणत होते. म्हशीनं ढुसणी दिली तर म्हशीला दवाखान्यात न्यावं लागेल, असं ते गार्ड.

पौर्णिमा इंजिनिअरिंगला असताना एका संध्याकाळी काका उभ्या ट्रॉलीवर आदळले. ट्रॉलीला मागचा दिवा नव्हता. गार्डवर ओरखडाही आला नाही. त्यानं धक्का जसाच्या तसा मागे पाठवला, आणि मागे काकांचा उजवा गुडघा होता.

गुडघ्यात सळई बसवावी लागली. दवाखान्यात भेटायला येणारी माणसं आधी पायाकडे पाहून चुकचुकायची आणि मग गार्डचा विषय काढायची. काका उशीला टेकून अभिमानानं सांगायचे, “गार्ड पाहा राजेहो. जसंच्या तसं.”

पौर्णिमा खाटेशी उभी होती. म्हणाली, “म्हंजे गार्डाचा गुडघा वाचला.”

कुणी हसलं नाही. मी हसले, आणि काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

त्यानंतर तिनं एम.ई.ला जो विषय घेतला त्याचं नाव तिच्या घरी कुणालाही पाठ झालं नाही. मला झालं, पण पाठ होणं आणि कळणं यांत फरक असतो, हे एम.ए.ला मला चांगलंच समजलेलं होतं. म्हणून मी तिला साध्या शब्दांत सांग म्हटलं.

तिनं सांगितलं ते असं. धडक झाली की तिचा जोर कुठंतरी खर्च होणारच. तो हाडांत व्हावा की समोरच्या नळीत, एवढंच आपल्या हातात. नुसती ॲल्युमिनियमची नळी टोकाकडून दाबली तर तिला घड्या पडतात आणि ती खाली बसत जाते. चुडीदारच्या घोट्याजवळ चुण्या पडतात तशी. (ही उपमा माझी. तिनं ती प्रबंधात घेतली नाही.) नुसती काचतंतूंची नळी, म्हणजे फायबरचं कापड रेझिननं चिकटवून केलेली, हलकी असते आणि जोरही पुष्कळ खाते. पण तिचा भरवसा नाही. कधी शहाण्यासारखा भुगा होते, कधी मधेच तडकून मोकळी होते. मग दोन्ही एकत्र करायच्या. आत धातू, वर फायबरचे पदर. धातू तंतूंना सुटून जाऊ देत नाही, तंतू धातूला एकदम मोठी घडी घालू देत नाहीत. दोघं मिळून सावकाश मोडतात. जितकं सावकाश मोडणं, तितका माणसाला धक्का कमी.

“म्हणजे संसारच,” मी म्हणाले.

“म्हंजे नळी,” ती म्हणाली.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. नळीचं एक टोक मुद्दाम कलतं कापून पातळ ठेवायचं. मोडायला तिथून सुरुवात होते. ते टोक तसं नसेल तर नळी आधी हट्टानं उभी राहते, आणि तेवढ्यात पहिला झटका माणसाला बसून जातो. मी मान हलवली. मनात एक ओळ आली होती. ती मी सांगितली नाही. चांगली नव्हती.

एम.ई. झाल्यावर ती वाशीमच्या एका तंत्रनिकेतनात तासिकांवर शिकवू लागली. सुट्टीच्या दिवशी नळ्या करायची आणि गुलाबरावांच्या वांग्यांच्या वाफ्यांमागे जाऊन मोडायची. गुलाबरावांकडे बोअरमधली मोटर वर ओढायची तीन पायांची उंच घोडी आहे. तिच्या कप्पीला आम्ही पिठाच्या गिरणीची झिजलेली दगडी तळी बांधायचो आणि खाली उभ्या ठेवलेल्या नळीवर सोडायचो. दोर सोडायचं काम माझं. मी दर वेळी दोर सोडताना डोळे मिटले. त्यामुळे हे सगळं संशोधन माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि मी एकही नळी मोडताना पाहिलेली नाही.

एकदा गुलाबराव वाफ्यातून चालत आले.

“काय करून राह्यल्या पोरीहो?”

“पाइप मोडून राह्यलो काका,” पौर्णिमा म्हणाली.

“कायले?”

“कामाचा हाये का नाही ते पाहाले.”

“मोडला तं कामाचा कसा?”

पौर्णिमानं त्यांना सगळं समजावलं. घड्या, भुगा, पहिला झटका. गुलाबरावांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “तं मंग माह्यावाल्या ठिबकच्या जुन्या नळ्या घेऊन जा. त्याइले दगडही लागत नाही. पाह्यलं की मोडतात.”

घरी येताना पौर्णिमा म्हणाली, “एवढं शिकून काय शिकली मी? पाइप मोडाचं. ते तं आपल्या गल्लीतले पोट्टे बिनफीचं करतात.”

यंदा तिला पुण्याजवळच्या एका वाहन-चाचणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. चैत्रातली पोहरादेवीची यात्रा झाली की हजर व्हायचं होतं. गल्लीत पेढे वाटून झाल्यावर ती माझ्या खोलीत येऊन बसली. माझ्या अभ्यासाच्या टेबलावर बसली, कारण त्यावर जागा होती.

“जायच्या आधी बाबाच्या गाडीले माह्यं गार्ड लावाचं हाये,” ती म्हणाली. “एक गुडघा गेला. दुसरा मी त्या लोखंडाच्या भरवशावर सोडून जाऊ शकत नाही.”

“काका ऐकतील?”

“तेच तं.”

काका ऐकत नव्हते. ऑटो स्टँडवर बातमी आधीच पोचली होती. प्रेमसिंग हा काकांचा जुना दोस्त, त्याच स्टँडवर ऑटो लावतो. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, “जानरावभाऊ, पोरीनं म्हणे प्लास्टिकच्या बाल्टीचा गार्ड केला तुमच्यासाठी?” त्या दिवशी काका जेवायला बसले ते वाद घालतच बसले.

“मोडते म्हणून लावा म्हनते तू. मोडते म्हणून कोनी वस्तू घेते का? दुकानात जाऊन कोनी म्हनते का, भाऊ, लवकर मोडनारी दाखव?”

“तुमचं जुनं गार्ड मोडत नाही, म्हणून तुमी मोडले.”

“थे ट्रॉलीवाल्याची गलती होती.”

“पुढच्याही वेळेस कोणाची तरी गलती राहीनच बाबा. गुडघा तुमचाच राहीन.”

“लोक हासतीन.”

“लोक दवाखान्यातही येतीन.”

काका भाजी कालवत राहिले. मी तिथं कोपऱ्यात बसले होते. मी मध्ये पडून म्हणाले की नाशिवंत असण्यातही एक सौंदर्य असतं. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालेलं मला दिसलं.

निकाल भागिरथा काकूंनी लावला. ताटात भाकर टाकताना त्या म्हणाल्या, “लावा हो. चालली पोरगी. तिच्या हातची भाकर खाववत नाही तुमाले, निदान गार्ड तं लावून घ्या.”

गार्ड लागलं. समोर लोखंडी पट्टी, निळा रंग दिलेली. तिच्या मागे डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन नळ्या, बोल्टनं सांगाड्याला कसलेल्या. कलती टोकं पट्टीच्या बाजूला. जुनं गार्ड काकांनी घराच्या टिनांवर नेऊन ठेवलं. वाऱ्यानं टिना वाजायच्या, त्या वाजायच्या थांबल्या. काकूंनी सांगितलं, हे गार्ड पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी आलं.

काकांनी नव्या नळीवर टिचकी मारली. कान दिला. “पोकळ वाजते.”

“पोकळच हाये बाबा.”

काकांनी पुन्हा एकदा टिचकी मारली. मग काही बोलले नाहीत. ते गप्प बसणारे नाहीत, हे आम्हा दोघींना माहीत होतं. तरी आम्हाला वाटलं, पटलं असावं.

पुढे दोनेक दिवसांनी, पौर्णिमा वाशीमला नोकरीचे कागद सोडवायला गेली होती तेव्हा, मी सकाळी त्यांच्या दारावरून जात होते. ऑटो लिंबाखाली उभा होता. गार्डच्या डाव्या नळीला ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं, आणि काका तांब्यातून त्यावर थेंब थेंब पाणी सोडत होते. फार प्रेमानं. जनावराच्या दुखऱ्या पायावर सोडतात तसं.

“काय करता काका?”

“काही नाही नीलू. ऊन लय हाये.” आणि ते दुसरीकडे पाहू लागले.

माझे डोळे भरून आले. लेकीच्या हातचं काम उन्हानं तापू नये म्हणून बाप त्यावर ओलं गोणपाट घालतो. मी अभ्यासाला न बसता कविता करायला बसले. दोन ओळी झाल्या. तिसरी सुचेना. दोन ओळींचीही कविता असते अशी मी स्वतःची समजूत घातली आणि झोपले. गोणपाट फक्त डावीकडेच का, हा प्रश्न मला पडला नाही. चार वर्षं मी प्रतिमांचा अर्थ लावायला शिकले होते.

यात्रेच्या दिवसांत काका दरवर्षी मानोऱ्याला जाऊन राहतात. मानोरा ते पोहरादेवी अशा फेऱ्या मारतात. त्या सकाळी ते निघाले तेव्हा आम्ही दोघी मागे बसलो. शेलूबाजारला उतरून पौर्णिमाला प्रवासाची बॅग घ्यायची होती, आणि मला तिला रंग सुचवायचा होता.

गाव सुटल्यावर काका म्हणाले, “गाडी जराशी डावीकडं ओढून राह्यली.”

“चाकाचं पाहाले लागते,” पौर्णिमा म्हणाली. “परत आले की मिस्त्रीले दाखवा.”

दिसेल त्या नळीवर टिचकी मारणारी ही मुलगी. त्या सकाळी तिनं नेमकी टिचकी मारली नाही. बॅग निळी घ्यावी की काळी, यावर आमचं चाललं होतं.

पुलाच्या अलीकडे उजव्या बाजूच्या हरभऱ्याच्या रिकाम्या वावरातून एक रोही, म्हणजे नीलगाय, उडी मारून रस्त्यावर आला. मोठा, काळपट, घोड्याएवढा. काकांनी हँडल फिरवलं, ब्रेक दाबला. रोही निघून गेला. पुलाचा कठडा समोर आला.

या वेळी मात्र माझे डोळे उघडे होते. पण मी मागच्या सीटवर होते आणि समोर काकांची पाठ होती. त्यामुळे मोडताना नळी याही वेळी दिसली नाही.

आवाज झाला. मग ऑटो डाव्या टोकावर गर्रकन फिरला आणि उजव्या अंगावर हळूच कलंडला. हळूच म्हणते, कारण मला तसंच आठवतं. पौर्णिमा म्हणते, तसं नव्हतं.

कुणी मला बाहेर काढलं ते मला आठवत नाही. मी रस्त्याच्या कडेला बसले होते. हातात एक चप्पल होती. ती माझी नव्हती. यात्रेला निघालेली माणसं गोळा झाली होती. एका बाईनं मला पाणी पाजलं आणि नाव विचारलं. मी म्हणे ‘एम.ए. मराठी’ असं सांगितलं. पुढे काय विचारावं ते तिला कळलं नाही.

पौर्णिमाच्या कपाळातून रक्त येत होतं. ते तिच्या लक्षात नव्हतं. तिनं काकांना कठड्याला टेकवून बसवलं होतं.

“डावा पाय हालवा.”

“हालते.”

“गुडघा?”

“दुखून राह्यला.”

“दुखू द्या. वाकवा.”

काकांनी गुडघा वाकवला. सुजला होता, पण वाकला. तिनं बोटांनी चाचपून पाहिला. दुसरा, सळईचा गुडघाही पाहिला. मग ती तशीच उठली आणि ऑटोच्या नाकासमोर जाऊन उकिडवी बसली. तिला उठवायला मी गेले नाही.

उजवी नळी वीतभर होती, ती चार बोटं उरली होती. घडीवर घडी बसलेली, घड्यांच्या मध्ये तंतूंचा पांढरा भुगा. पुस्तकात दाखवावी तशी. डावी नळी उभीच्या उभी होती. तिला काही झालं नव्हतं. तिनं मागची बोल्टची पट्टी फाडली होती, पत्रा आत ढकलला होता, आणि तो पत्रा काकांच्या डाव्या गुडघ्यापाशी येऊन थांबला होता. उजवीकडचं आधी मोडलं म्हणून ऑटो फिरला, आणि ऑटो फिरला म्हणून पत्रा तिथंच थांबला. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी चपलेकडे पाहत होते.

पौर्णिमानं डाव्या नळीवर टिचकी मारली. आवाज आला नाही. दगडानं ठोकलं. मग कठड्याकडे वळली.

“बाबा, याच्यात काय हाये?”

काका पुलाखालच्या कोरड्या नाल्याकडे पाहत होते. “सिमेंट.”

“कुठून आलं?”

“ओटा केला ना घरचा. त्याचं उरलं होतं.”

“कोणं भरलं?”

“म्यां.”

तिनं हातातला दगड खाली ठेवला. काकाच बोलू लागले. “पोकळ वाजत होतं पोरी. परेमसिंग टिचकी मारून पाह्यते. सारेच पाह्यतात. बोल्ट काढून पाह्यलं तं एका बाजूची कडही वाकडी कापेल होती. मले वाटलं, घाईत राह्यलं तुह्यं. आता तू जाशीन. मंग थे रोज टिचकी मारतीन, अन् म्हनतीन, एवढं शिकली पोरगी, बापाले पोकळ काम देऊन गेली. मले थे ऐकाचं नोतं.” थोडं थांबून म्हणाले, “दोन्हीत भरनार होतो. सिमेंट पुरलं नाही.”

पौर्णिमा रस्त्यावरच बसली. “सिमेंट पुरलं नाही म्हणून आपण बसून बोलून राह्यलो बाबा.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. “गोणपाट,” मी म्हणाले. “ओलं गोणपाट.”

पौर्णिमानं वळून पाहिलं. “कोणतं?”

“नळीवर होतं. काका पाणी मारत होते.”

“तुले दिसलं होतं?”

“हो.”

“मंग काय केलं वं तू?”

“कविता केली.”

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “पूर्ण झाली?”

“नाही.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि ओढणीनं कपाळाचं रक्त पुसू लागली. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. मी साहित्याची पदवीधर आहे.

तेवढ्यात प्रेमसिंगचा ऑटो आला. तोही यात्रेलाच निघाला होता. उतरून त्यानं आधी काकांना मिठी मारली, मग गार्डसमोर गेला. गर्दीतले दोघं-तिघं आधीच तिथं चर्चा करत होते. ‘डावीकडचं पाहा कसं टिकलं.’ ‘उजवीकडचा माल कच्चा निघाला.’ प्रेमसिंगनं डाव्या नळीवर टिचकी मारली आणि मान डोलावली.

“मानलं पोरी तुले,” तो पौर्णिमाला म्हणाला. “बाल्टी म्हनलो होतो मी. पन हे डावं काम एक नंबर. एवढ्या धडकीत हाललं नाही. उजवं तेवढं जमलं नाही तुले.”

पौर्णिमानं ओढणी कपाळावर दाबून धरली. तिनं बापाकडे पाहिलंही नाही. ती सांगणार नाही, हे मला दिसत होतं. काही दिवसांनी ती पुण्याला असणार होती. काका रोज त्या स्टँडवर असणार होते.

काका कठड्याला धरून उठले. सुजलेल्या पायावर भार दिला, तोंड वाकडं केलं, आणि लंगडत ऑटोपर्यंत आले. आता दोन्ही पायांनी लंगडत होते, त्यामुळे चाल सरळ दिसत होती.

“परेमसिंग,” ते म्हणाले, “थे डावं माह्यं हाये. सिमेंट भरेल हाये त्यात. उजवं पोरीचं हाये.”

“म्हंजे?”

“म्हंजे जे मोडलं, त्यानं वाचवलं. जे नाही मोडलं, थे माह्या गुडघ्यावर येत होतं. पाह्य, पत्रा कुठंवर आला.”

प्रेमसिंगनं वाकून पत्रा पाहिला. काकांचा गुडघा पाहिला. चुरलेली नळी हातात धरून पाहिली. भुगा बोटांना लागला तो पँटला पुसला. “पन भाऊ,” तो म्हणाला, “मोडलं तं खरंच ना.”

“मोडाले केलं होतं,” काका म्हणाले. स्टँडवरच्या माणसासमोर हे वाक्य ते पहिल्यांदा म्हणाले. पौर्णिमानं मान खाली घातली आणि चप्पल शोधू लागली. ती माझ्या हातात होती.

वाशीमला एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. पौर्णिमाच्या कपाळाला टाके पडले. माझ्या डोक्याला टेंगूळ आलं. डॉक्टर म्हणाले, आत काही नाही. तिघांनीही एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर पौर्णिमा मला म्हणाली, “इतके दिवस दगड पाडत बसली मी. बाबानं एका सकाळी करून दाखवलं. एकच गाडी, एकच धडक, एक नळी भरेल अन् एक पोकळ. असा प्रयोग करू दिला असता का कोणी मले?”

“तुला राग नाही आला?”

“आला ना. पण गाडी डावीकडं ओढते, हे बाबा बोल्ले वं. अन् मी चाकाचं सांगत बसली. सिमेंटचं वजन मले कळलं नाही. मी एम.ई. हाओ.” मग म्हणाली, “तू मात्र कविता केली. तुह्यं बरं हाये.”

तिनं हजर व्हायची तारीख थोडी पुढे मागून घेतली. चुरलेली नळी आता काकूंच्या शोकेसमध्ये आहे, पौर्णिमाच्या पदवीच्या फोटोशेजारी. पाहुण्यांना काकू फोटोच्या आधी नळी दाखवतात. सिमेंटची नळी ती पुण्याला घेऊन गेली, तिथल्या मशीनखाली दाबून पाहायला. बॅग घ्यायची राहूनच गेली होती. नळी ओल्या गोणपाटातून कोरड्या गोणपाटात गेली, एवढंच.

उरलेल्या दिवसांत ती नव्या दोन नळ्या करायला बसली. पहिली पूर्ण झाली. फायबरचे सहा पदर, प्रत्येक पदराचे धागे आधीच्या उलट्या तिरक्या दिशेला. दुसरीला चार पदर झाले आणि निघायची वेळ झाली. काकू दारात डबा घेऊन उभ्या. पौर्णिमानं हातमोजे काढले आणि माझ्या हातात दिले.

“नीलिमा, राह्यलेले दोन पदर तू गुंडाळजो. रेझिनमध्ये हार्डनर टाकलं की थांबजो नको. लगेच लाव. पाच-दहा मिनिटांत घट्ट होते.”

“होईल,” मी म्हणाले.

मी काकूंचा स्टीलचा मग घेतला. त्यात रेझिन ओतलं, हार्डनर टाकलं, ढवळलं. मग कापड कापायला घेतलं. धागे तिरके पाहिजेत, पण कोणत्या बाजूला तिरके, यावर मी विचार करू लागले. विचार करायला मला शिकवलेलं आहे. मगातून वाफ आल्यासारखी वाटली. पाहिलं तर आत काठीसकट दगड झाला होता.

“माह्या मगाचं काय केलं वं?” काकूंनी विचारलं. तो मग अजून त्यांच्या खिडकीत आहे. काठीला धरून उचलता येतो.

पौर्णिमाला फोन केला. ती तिकडे कुठल्यातरी मशीनजवळ होती, मागे घरघर ऐकू येत होती. म्हणाली, “राहू दे. हात नको लावू. मी आल्यावर करीन.” कधी येणार, ते तिला सुट्टी मिळाल्यावर कळेल.

काकांचा ऑटो आता बिनगार्डाचा फिरतो. समोर नुसती बोल्टची भोकं दिसतात. काका पूर्वीपेक्षा हळू चालवतात. प्रवासी कुरकुरतात. स्टँडवर प्रेमसिंग म्हणतो, “तोवर जुनंच लावा ना भाऊ.”

“टिना उडून जातीन मंग,” काका म्हणतात.

सकाळी ऑटो काढायच्या आधी ते घरात जातात. दुसरी नळी कोपऱ्यात जुन्या चादरीत उभी आहे. ते चादर बाजूला करतात, टिचकी मारतात, कान देतात. पोकळ वाजते. मग चादर पुन्हा नीट गुंडाळतात आणि निघतात. परवा न्हाणीचं काम केलं, त्याचं अर्धं पोतं सिमेंट उरलं होतं, ते त्यांनी शेजारी देऊन टाकलं.

नळीला चार पदर झालेले आहेत. दोन राहिले आहेत.